देवाच्या योजनेवर भरवसा, आणि ‘कमी’ ठरवायचे कोणी: एका भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर

प्रिय भगिनी, प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे हे उत्तर इतर कोणाच्या वाचनात आले तरी त्यांना संदर्भ लागेल. तुम्ही तेहेतीस वर्षांच्या आहात आणि पुण्यातील एका रुग्णालयात नर्स म्हणून काम करता. आईवडील अहिल्यानगर जिल्ह्यातील गावी असतात. सध्या तुमच्यासमोर दोन स्थळे आहेत. पहिला मुलगा ख्रिस्ती घराण्यातला, चांगल्या पगाराचा आणि स्वतःचे घर असलेला आहे. पण नाताळ आणि गुड फ्रायडे सोडला तर तो उपासनेला जात नाही, दर शनिवारी मित्रांबरोबर दारू पितो, आणि प्रार्थनेचे काय ते तुझे तू सांभाळ, असे त्याने पहिल्याच भेटीत सांगितले. दुसरे स्थळ एका विधुराचे आहे. तो आयटीआय करून कारखान्यात फिटर म्हणून काम करतो, त्याला लहान मुलगी आहे, आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो संडे स्कूल शिकवतो. आईवडिलांचा कल पहिल्याकडे आहे. दुसऱ्याला तुम्ही न भेटताच बाजूला ठेवले, कारण तरुणांच्या एका शिबिरात तुम्ही ऐकले होते की देवाने आपल्यासाठी उत्तम तेच राखून ठेवलेले असते आणि विश्वासी माणसाने कमी ते स्वीकारू नये. आता तुम्ही विचारता की देवाच्या योजनेवर भरवसा ठेवायचा तर दोघांनाही नकार देऊन वाट पाहावी काय.

विवाहपूर्व मार्गदर्शनाचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे पुष्कळदा आला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. शिबिरात तुम्हांला सांगितलेले वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे, आणि उरलेले अर्धे कळले नाही तर त्या वाक्याने फार नुकसान होते. देवाची योजना उत्तम आहे हे खरे. परंतु उत्तम काय आणि कमी काय हे मोजण्याचे माप आपण बायोडाटावरून घेतले आणि त्यावर देवाचे नाव लावले, तर आपण भरवसा देवावर ठेवत नसून आपल्या यादीवर ठेवत असतो. तुमच्या बाबतीत मला असे वाटते की जे खरोखर कमी आहे ते घरच्यांना चांगले दिसते आहे, आणि ज्याला तुम्ही कमी म्हटले त्याची अजून नीट चौकशीही झालेली नाही. याचा अर्थ दुसऱ्याला होकार द्या असा नाही. त्याकडे मी पुढे येतो.

शिबिरांत, वाढदिवसाच्या भेटकार्डांवर आणि लग्नपत्रिकांवर जे वचन सर्वांत जास्त दिसते ते यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे. तुमच्याविषयीचे माझे विचार हिताचे आहेत आणि तुम्हांला आशा व भविष्य देणारे आहेत, असे परमेश्वर तेथे म्हणतो. हे वचन तुम्हीही आधाराला घेतले आहे, म्हणून ते कोणाला आणि केव्हा सांगितले गेले हे पाहणे आवश्यक आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलाचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतील राजा यखन्या, राजघराणे, कारागीर आणि लोहार यांना कैद करून बाबेलास नेले. मागे यरुशलेमेत राहिलेल्या यिर्मयाने त्या कैदी लोकांना पत्र पाठवले आणि हे वचन त्या पत्रातले आहे. त्याच्या आदल्याच वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांची हाडे बाबेलातच पुरली जाणार होती हे त्यांनाही कळले असेल. म्हणजे हे वचन एका व्यक्तीला, तिच्या मनातल्या मुदतीत, तिच्या मनातली गोष्ट मिळेल असे सांगत नाही. ते एका संपूर्ण लोकसमुदायाला सांगते की देवाने तुम्हांला टाकलेले नाही, आणि त्याचे काम तुमच्या आयुष्याच्या मर्यादेपलीकडे चालू राहील.

या पत्राच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. मंदिरात सर्व लोकांसमोर तो जाहीर करतो की दोन वर्षांच्या आत बाबेलाचे जू मोडेल आणि सारे कैदी परत येतील. यिर्मया त्यावर काय म्हणतो? तो प्रथम आमेन म्हणतो. परमेश्वर तसेच करो, असे म्हणतो. त्यालाही ते खरे व्हावेसे वाटत होते. परंतु ते खरे नव्हते, आणि हनन्याने लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावले असे यिर्मयाने परमेश्वराच्या नावाने त्याला सांगितले. भगिनी, हनन्याने लोकांना कमी दिले, आणि ते देताना ते अधिक चांगले, अधिक लवकर मिळणारे आणि अधिक विश्वासाचे वाटेल अशा रीतीने दिले. कमी स्वीकारण्याचा मोह बहुधा असाच येतो. तो निराशेच्या वेशात क्वचित येतो. लवकर सुटका होईल या आश्वासनाच्या वेशात तो जास्त येतो.

सत्तर वर्षांच्या त्या पत्रात देवाने लोकांना करायला काय सांगितले तेही पाहा. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांची फळे खा, लग्ने करा, मुलामुलींची लग्ने लावा, आणि ज्या नगरात मी तुम्हांला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे? पण मला तुमचे लक्ष आणखी एका गोष्टीकडे वेधायचे आहे, कारण ती आपल्या मंडळ्यांत फारशी सांगितली जात नाही. लग्ने करा असे लोकांना लिहिणाऱ्या यिर्मयाला स्वतःला मात्र देवाने लग्न करू नकोस अशी आज्ञा दिली होती. ती सोळाव्या अध्यायात आहे. एकच देव, एकच काळ, एकच संकट, आणि दोन वेगळ्या आज्ञा. बाबेलात संसार मांडणाऱ्याला कमी मिळाले नाही, आणि यरुशलेमेत एकट्या राहिलेल्या यिर्मयालाही कमी मिळाले नाही. दोघांनाही देवाच्या इच्छेत जगायचे होते. तेव्हा लग्न झाले म्हणजे देवाची योजना पूर्ण झाली आणि न झाले म्हणजे ती अडली, हे गणित पवित्र शास्त्राचे नाही.

मग खरोखर कमी ते कशाला म्हणावे? यासाठी अब्राहामाच्या घराकडे चला. पंचाहत्तराव्या वर्षी तो हारानाहून निघाला. कनान देशात दहा वर्षे राहूनही मूल झाले नाही, तेव्हा त्याची पत्नी साराय (पुढे सारा) हिने आपली मिसरी दासी हागार त्याला दिली, आणि तो शहाऐंशी वर्षांचा असताना इश्माएल जन्मला. त्या दोघांनी संततीविषयीचे देवाचे वचन नाकारले होते असे नाही. वचन खरे आहे असे धरूनच त्यांनी ते पुरे करण्याचा असा मार्ग निवडला, जो त्या काळच्या रिवाजात बसत होता आणि ज्याला शेजारीपाजारी कोणी नावे ठेवली नसती. भीतीतून घेतलेले निर्णय नेहमी समाजमान्य असतात, म्हणून ते ओळखू येत नाहीत. आणि त्या निर्णयाची किंमत कोणी मोजली? हागारेने. तिला कोणी विचारले नव्हते. छळ सोसून ती रानात पळाली, आणि तेथे परमेश्वराच्या दूताने तिला गाठले, तेव्हा तिने देवाला मला पाहणारा देव असे म्हटले. आपण घाबरून तडजोड करतो तेव्हा तिचे ओझे बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणावर पडते: ज्याच्याशी मनाविरुद्ध लग्न केले त्या माणसावर, आणि पुढे मुलांवर.

उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात तर याहून मर्मी लागणारी गोष्ट आहे. अब्राहाम नव्याण्णव वर्षांचा आहे. सारेला पुत्र होईल असे देव सांगतो, तेव्हा तो देवाला विनवतो की इश्माएलच तुझ्यासमोर जगो, म्हणजे पुरे. तेरा वर्षे त्या मुलाला त्याने वाढवले आहे, त्याच्यावर त्याचा जीव आहे, आणि आता आणखी काही मिळावे अशी आशा धरण्याचीही त्याची तयारी नाही. आहे त्यावर भागवून घेण्याची ही विनंती फार प्रामाणिक आहे आणि मला ती वाचताना अब्राहामाविषयी कळवळा वाटतो. देवाचे उत्तर दोन भागांत येते. सारेलाच पुत्र होईल, त्यात बदल नाही. आणि इश्माएलाविषयी तुझी विनंतीही मी ऐकली आहे, मी त्याला आशीर्वाद देईन. देव आपली योजना खाली आणत नाही, आणि माणसाच्या तडजोडीतून जन्माला आलेल्यालाही तो टाकून देत नाही. ज्या भगिनींनी पूर्वीच घाबरून असे लग्न केले आहे आणि हे उत्तर वाचत असतील, त्यांनी हा दुसरा भाग घट्ट धरून ठेवावा.

या प्रकाशात पहिले स्थळ पाहू. येथे मला फारशी शंका नाही. पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विधवेविषयी लिहितो की तिने आपल्या इच्छेस येईल त्याच्याशी लग्न करावे, पण ते प्रभूमध्ये असावे. आपल्या इच्छेस येईल त्याच्याशी, हे शब्द तेथे आहेत आणि मी त्यांचा मान ठेवतो. पण मर्यादाही त्याच वाक्यात आहे. दुसऱ्या पत्रातील, अविश्वासी माणसाशी विजोड जुवात जोडले जाऊ नका, हे वचन केवळ लग्नाबद्दल लिहिलेले नाही, त्याचा विषय मोठा आहे; तरीही लग्नाहून अधिक जवळचे जू कोणते असणार? मुलगा ख्रिस्ती घराण्यातला आहे, दाखल्यावर धर्म ख्रिस्ती आहे, बाप्तिस्मा झाला आहे, एवढ्यावरून तो प्रभूमध्ये आहे असे म्हणता येत नाही. त्याने तुम्हांला फसवलेले नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. प्रार्थना तुझी तू सांभाळ, असे तो स्पष्ट म्हणाला. प्रामाणिकपणे सांगितलेली गोष्ट आपणही प्रामाणिकपणे ऐकावी. लग्न झाले की सुधारेल असे आई म्हणते, पण त्याने तसे वचन दिलेले नाही, आणि देवानेही दिलेले नाही.

दारूबद्दल तुम्ही लिहिले आहे की फक्त शनिवारीच घेतो. तुम्ही नर्स आहात. वॉर्डमध्ये काय पाहता ते मी तुम्हांला सांगण्याची गरज नाही. लग्नानंतर व्यसन सुटेल या आशेवर कोणत्याही मुलीने होकार देऊ नये, असे मी प्रत्येकीला सांगतो. सुटायचे असेल तर ते आधी सुटावे, आणि सुटल्यावर पुरेसा काळ जाऊ द्यावा.

आपल्याकडे अशा वेळी रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे उदाहरण हमखास दिले जाते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुढे परत येऊन त्यांनी स्वतः विचार करून ख्रिस्ताला स्वीकारले. मग तुझा नवराही असाच येईल, असा तो युक्तिवाद असतो. पण त्या दोघांचे लग्न झाले तेव्हा दोघेही हिंदू होते. नंतर एकाच्या जीवनात ख्रिस्त आला. पौलाने त्याच सातव्या अध्यायात नेमका अशा जोडप्यांना सल्ला दिला आहे की अविश्वासी जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये. तो सल्ला आधीच झालेल्या लग्नांसाठी आहे. लग्न ठरवताना तो वापरणे म्हणजे औषधाची चिठ्ठी आहारासाठी वापरणे होय. शिवाय टिळक दांपत्याच्या त्या ताटातुटीच्या वर्षांत दोघांनी जे भोगले त्याचा उल्लेख हे उदाहरण देणारे करत नाहीत. कायद्याची अडचण नसते हेही खरे आहे. १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा किंवा १९५४ चा विशेष विवाह कायदा तुमच्या नवऱ्याचा विश्वास तपासत नाही. ते तपासणे तुमच्याकडे आणि तुमच्या मंडळीकडे आहे.

आता दुसरे स्थळ. येथे मी सावकाश लिहितो, कारण दोन्ही बाजूंनी चुकण्याची शक्यता आहे. तुम्ही त्याला न भेटता बाजूला ठेवण्याची कारणे लिहिली आहेत: पगार तुमच्यापेक्षा कमी, शिक्षण कमी, आधीचे लग्न, पदरी मूल, आणि शेवटी तुम्ही जरा संकोचाने लिहिले आहे की त्याचे मूळ घराणे कोणते यावरून तुमच्या नातेवाइकांत कुजबुज झाली. शेवटच्या कारणापासून सुरुवात करतो. आपल्या पूर्वजांनी बाप्तिस्मा घेऊन पिढ्या लोटल्या, तरी मूळचे कोण हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत लग्नाच्या बैठकीत अजून विचारला जातो, आणि हे आपले पाप आहे. ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद नाही असे सांगणाऱ्या, गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचे वाचन ज्या वेदीसमोर होते त्याच वेदीसमोर लग्ने लागतात. तेथे जातीची चौकशी करून आलेली माणसे उभी राहावीत याचे मला दुःख होते. हे कारण तुम्ही यादीतून पुसून टाका. देवाच्या उत्तम योजनेत त्याला जागा नाही.

पगार आणि शिक्षण ही कारणे पाप नाहीत, पण ती कमीपणाचीही नाहीत. त्यांचा विचार व्यवहार म्हणून करावा. बायको जास्त मिळवते हे त्याला आणि त्याच्या आईला मानवेल काय, घर कोठे करायचे, तुमची रात्रपाळी असेल तेव्हा मुलीला कोण पाहील, दोघांवर कर्ज किती आहे, हे प्रश्न समोरासमोर बसून विचारायचे आहेत. त्यांची उत्तरे समाधानकारक नसतील तर नकार द्यायला तुम्ही मोकळ्या आहात. मूल हे कारण मात्र सर्वांत वजनाचे आहे. आई गमावलेल्या लहान मुलीची आई होणे हे मोठे बोलावणे आहे, आणि ते सर्वांना असतेच असे नाही. मनात नसताना, देव रागावेल म्हणून, किंवा वय झाले म्हणून ते पत्करू नका. नाहीतर तुमच्या घाईची किंमत ती मुलगी मोजेल. पहिल्या बायकोच्या आठवणीला त्या घरात जागा असणार, तिचे आईवडील त्या मुलीचे आजीआजोबा असणार, हेही मनाला विचारून पाहा. मनापासून विचार करून तुम्ही नाही म्हणालात, तर ती देवाची अवज्ञा होणार नाही. पण न भेटता, तो कमी आहे असे ठरवून, त्यावर देवाच्या योजनेचे नाव लावू नका. मी एवढेच सांगत आहे.

रूथची गोष्ट आपण मंडळीत लहानपणापासून ऐकतो, म्हणून तिच्यातला धक्का आपल्याला जाणवत नाही. आपल्याकडच्या स्थळांच्या भाषेत बोलायचे तर रूथ परक्या जातीची, विधवा, निर्धन आणि सासूची जबाबदारी असलेली बाई होती. सासू नामीने स्वतः तिला माघारी जायला सांगितले होते, कारण माझ्याकडे तुझ्यासाठी काही नाही असे तिला वाटत होते. बेथलेहेमातील बवाज प्रतिष्ठित आणि सधन होता. त्याने तिच्यात काय पाहिले ते दुसऱ्या अध्यायात त्याच्याच तोंडी आले आहे: तू सासूसाठी काय काय केलेस ते मी ऐकले आहे, आणि तू परमेश्वराच्या पंखांखाली आश्रयास आली आहेस. मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिली तेव्हा रूथचे नाव त्याने तीत घातले. माणूस निवडताना बवाजाने जे पाहिले ते पाहायला शिकावे, अशी माझी तुम्हांला विनंती आहे. त्या फिटरमध्ये ते आहे की नाही हे मला माहीत नाही, तुम्हांलाही अजून माहीत नाही.

ते कळण्यासाठी चौकशी करावी लागते आणि प्रार्थना चौकशीची जागा घेत नाही. अब्राहामाचा सेवक धन्याचा मुलगा इसहाक याच्यासाठी मुलगी शोधायला निघाला तेव्हा त्याने विहिरीपाशी प्रार्थना केली, हे आपण नेहमी सांगतो. पण तो त्याआधी दहा उंट घेऊन लांबचा प्रवास करून योग्य गावी पोहोचला होता, त्याने रिबकेची वागणूक मुकाट्याने न्याहाळली, ती कोणाची मुलगी हे विचारले, आणि शेवटी तिच्या घरच्यांनी तिलाच विचारले की या माणसाबरोबर तू जातेस काय. तिने जाते असे म्हटले, मग ती निघाली. तुम्हीही त्याच्या पाळकांशी बोला. तो कारखान्यात सहकाऱ्यांशी कसा वागतो, पैशाचा व्यवहार कसा आहे, रागावल्यावर काय करतो, मुलीशी कसे बोलतो, हे ज्यांना ठाऊक आहे अशा माणसांना विचारा. दोघांनीही वैद्यकीय तपासण्या करून त्यांचे अहवाल एकमेकांना दाखवावेत. हे सुचवायला तुम्ही नर्स म्हणून संकोच करू नये. देण्याघेण्याचा विषय कोणत्याही बाजूने निघाला तर तेथेच थांबा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे, आणि ख्रिस्ती घरे त्याला अपवाद नाहीत.

तुमच्या पत्रातील एका ओळीने मला काळजी वाटली. एका प्रार्थनासभेत एका बाईंनी तुम्हांला सांगितले की देवाने त्यांना दाखवले आहे, परदेशात नोकरी करणारा मुलगा या वर्षाच्या आत येईल. त्या बाईंच्या हेतूविषयी मी काही म्हणत नाही. परंतु हनन्यानेही मुदत सांगितली होती, आणि ती ऐकणाऱ्यांना आवडली होती. देव आजही आपल्या लोकांशी बोलतो असा माझा विश्वास आहे; पण तुमच्या लग्नाविषयी दुसऱ्याला मिळालेला संदेश तुमच्या निर्णयाची जागा घेऊ शकत नाही. त्या सांगण्यावरून आलेले स्थळ नाकारू नका आणि स्वीकारूही नका. देवाची इच्छा पडताळायला शास्त्रातल्या गिदोनाने लोकर ठेवली तशी खूण मागावी काय, असेही तुम्ही विचारले आहे. गिदोनाला काय करायचे ते देवाने आधीच स्पष्ट सांगितले होते. लोकर हा त्याच्या भीतीचा उपाय होता आणि देवाने तो दयेने चालवून घेतला. तो अनुकरणासाठी दिलेला नमुना नाही.

समजा दोन्ही स्थळे नाकारली गेली आणि तिसरे लवकर आलेच नाही. याविषयी तुम्ही स्पष्ट विचारले नाही, पण तुमच्या सगळ्या पत्रात ही भीती आहे. अविवाहित स्त्री म्हणजे अपुरी राहिलेली स्त्री, ही कल्पना आपल्या मंडळ्यांनी भोवतालच्या समाजाकडून घेतली आहे. पंडिता रमाबाईंचे जीवन आपल्या डोळ्यांसमोर आहे. १८८२ मध्ये, चोविशीच्या आसपास, त्या विधवा झाल्या. पदरी लहानगी मनोरमा होती. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढे केडगावला मुक्ती सदन उभे केले, दुष्काळातून वाचलेल्या मुली आणि स्त्रिया तेथे आणल्या, आणि हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर केले. मनोरमाही अविवाहित राहून आईच्या कामात खपली आणि १९२१ मध्ये, आईच्या आदल्या वर्षी, वारली. या दोघींचे जीवन सोपे नव्हते. त्यांना देवाने कमी दिले असे मात्र मला कोणत्याही मापाने म्हणता येत नाही. तरीही मी हे तुमच्या तोंडावर समाधान म्हणून फेकत नाही. लग्नाची इच्छा चांगली आहे, ती देवाने निर्माण केली आहे, आणि ती पुरी झाली नाही तर रडणे हा अविश्वास नाही. स्तोत्रकर्त्यांनी किती वेळा विचारले आहे, हे परमेश्वरा, कोठवर?

दरम्यान जगणे पुढे ढकलू नका. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यायचा तुमचा विचार लग्नासाठी अडून राहिला आहे असे तुम्ही लिहिले आहे, अर्ज भरा. स्वतःच्या नावाने घर घेण्याची ऐपत असेल तर घ्या. यिर्मयाने तर यरुशलेमेला वेढा पडलेला असताना, स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, अनाथोथातले शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतले आणि खरेदीखत मातीच्या भांड्यात घालून जपून ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगितले, कारण या देशात पुन्हा घरे आणि शेते विकत घेतली जातील असे देवाने म्हटले होते. ते शेत त्याने स्वतः कसले असेल असे वाटत नाही. भरवसा ठेवून केलेले काम असे असते: भविष्य आपल्या हातात नसते, आणि आज करायचे ते आपण नीट करतो. त्याच वेळी स्थळे पाहणेही थांबवू नका. तुमच्या पाळकांना सांगा, आसपासच्या मंडळ्यांत कळवा, वधूवर मेळाव्यात नाव द्यायला लाजू नका.

आईवडिलांशी बोलण्याचा प्रश्न उरतो. तुम्ही लिहिलेला वडिलांचा राग हा बहुतेक काळजीचा आहे. निवृत्ती झालेली आहे, तुमच्या धाकट्या बहिणीचे लग्न थांबले आहे, मंडळीत लोक विचारतात, आणि आपण गेल्यावर हिचे कोण, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नसेल. त्यांना वचने ऐकवून गप्प करू नका. त्यांच्या पुढ्यात आधी त्यांची भीती मांडा आणि मग आपला निर्णय सांगा: तुम्ही माझ्या भल्यासाठीच म्हणता हे मला कळते, ज्या घरात माझ्या देवाला जागा नाही त्या घरात मी सुखी राहणार नाही, म्हणून तिथे मी नाही म्हणते आहे, धाकटीचे लग्न माझ्यासाठी थांबवू नका, आणि दुसऱ्या माणसाला मी तुमच्या देखत एकदा भेटते. मानाने बोललेला नकार हा आईबापांचा अपमान नव्हे. हे एकटीने सांगणे जड जाईल, तर मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या जोडप्याला बरोबर घेऊन जा. पण ते जोडपे असे निवडा की जे बाहेर बोलणार नाही.

पहिल्या घराला नकार कळवायचा तो या आठवड्यात कळवा, आणि पत्रिका, वय असे खोटे कारण पुढे करू नका. आमच्या मुलीला उपासना आणि प्रार्थनेचे घर हवे आहे, एवढे वडिलांनी आदराने सांगितले तर पुरे. दुसऱ्या माणसाला तर इतके दिवस काहीच कळवले गेलेले नाही. तो आणि त्याची आई उत्तराची वाट पाहत असतील, आणि घरात एक लहान मुलगी आहे जिच्या कानावर काही ना काही पडत असणार. भेटायचे असेल तर दिवस ठरवून कळवा, भेटायचे नसेल तर तेही कळवा, आणि भेटीनंतर निर्णयाला किती वेळ लागेल हे त्याला आधीच सांगून ठेवा.